नव्या सरपंचांसाठी: भाऊसाहेबांसोबत काम कसं जमवायचं

ग्रामपंचायतीच्या खात्यातून रुपया बाहेर काढायचा तर दोन सह्या लागतात. एक सरपंचाची, दुसरी ग्रामसेवकाची. पूर्वी त्या चेकवर असायच्या, आता डिजिटल असतात, एवढाच फरक. एकाने सही अडवली की काम थांबतं. दोघांनी न वाचता केली की चार वर्षांनी चौकशीचं पत्र दोघांच्याही घरी येतं.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या पाच तालुक्यांत ग्रामसेवक म्हणून आणि शेवटची काही वर्षं ग्रामविकास अधिकारी म्हणून नोकरी केली. २०२४ मध्ये शासनाने ही दोन्ही पदं एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं नाव द्यायचं ठरवलं. गावात हाक मात्र अजून ‘भाऊसाहेब’ अशीच मारतात, म्हणून इथंही तेच वापरतो. हे लिहिलंय ते पहिल्यांदाच निवडून आलेल्या सरपंच-सदस्यांसाठी. नव्याने रुजू झालेल्या भाऊसाहेबांनाही यातलं बरंच लागू पडेल.

ज्या गावात सरपंच-भाऊसाहेबांचं जमलं, तिथं पैसा कमी असूनही गटारं झाली, पाणी वेळेवर आलं. जिथं जमलं नाही, तिथं आलेला निधी पडून राहिला. पण ‘जमलं’ म्हणजे काय, याबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. रोज एकत्र चहा पिणारे, एकमेकांच्या घरच्या लग्नाला जाणारे सरपंच आणि ग्रामसेवक सहा महिन्यांत एकमेकांविरुद्ध अर्ज करताना मी पाहिलेत. कागद वेळेवर आणि दोघांच्या डोळ्यांदेखत झाला, तरच जमतं. बाकी सगळं त्यामागून येतं.

पहिला आठवडा: कोण कोणाचा माणूस

निवडून आल्यावर अनेकांना वाटतं, कार्यालयात दिसणारे सगळे आता आपल्या हाताखाली. तसं नाही. भाऊसाहेब जिल्हा परिषदेचे कर्मचारी. पगार तिकडून, बदली तिकडून, निलंबनाचा अधिकार तिकडे, आणि रोजच्या कामावर देखरेख गटविकास अधिकाऱ्यांची. सरपंच त्यांना कामाचा जाब विचारू शकतो, ठराव राबवून घेऊ शकतो, लेखी तक्रार करू शकतो. ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणू शकत नाही. शिपाई, क्लार्क, पाणी सोडणारा ही माणसं मात्र ग्रामपंचायतीची. त्यांच्या पगाराची काळजी तुमची. संगणकावर बसणारा मुलगा तिसऱ्याच यंत्रणेतून आलेला असतो. तलाठी महसूलचे, कृषी सहायक कृषी खात्याचे. एकाच इमारतीत बसतात म्हणून सगळ्यांना एकाच आवाजात हुकूम सोडला की पहिल्याच महिन्यात चार जण दुखावतात.

१९५८ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाने कामाची वाटणी अशी केलीय: ठराव अमलात आणायचे सरपंचाने, दप्तर आणि हिशेब सांभाळायचा सचिवाने, म्हणजे भाऊसाहेबांनी. काही जबाबदाऱ्या मात्र दोघांच्या गळ्यात एकत्रच बांधल्यात. आर्थिक वर्षात किमान ४ ग्रामसभा झाल्याच पाहिजेत. त्यात कसूर झाली तर सरपंचाचं पद जाऊ शकतं आणि भाऊसाहेबांवरही शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. एवढं दोघांना माहीत असलं तरी ‘तुमचं काम, माझं काम’ हा वाद निम्मा होतो.

दप्तर एकट्याने बघा

पदभार घेताना फोटो निघतात, पेढे वाटतात, खुर्चीला हार घालतात. दप्तर कोणी उघडत नाही. तुम्ही उघडा. पण पहिल्याच दिवशी चार कार्यकर्ते घेऊन ‘काढा सगळे कागद, मागच्यांनी काय खाल्लंय बघू’ म्हणत गेलात, तर भाऊसाहेब कपाटाची किल्ली देतील, माहिती देणार नाहीत. त्यापेक्षा दोन दुपारी मागून घ्या. वही-पेन घेऊन एकटे जा.

लेखासंहितेत, म्हणजे ग्रामपंचायतीच्या हिशेबाच्या नियमांत, नमुने (ठरलेले तक्ते आणि नोंदवह्या) १ ते ३३ आहेत. सगळे पाठ करायची गरज नाही. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ रोकडवही, नमुना ८ घरांची कर आकारणी, नमुना ९ कराची मागणी. हे चार कळले की ग्रामपंचायत बरीचशी कळली. सोबत बँकेची पासबुकं बघा, पाणी योजनेचं लाइट बिल किती थकलंय बघा, कर्मचाऱ्यांचे किती महिन्यांचे पगार राहिलेत ते विचारा, आणि अर्धवट कामांची यादी लिहून घ्या.

सांगोल्याकडच्या एका गावात तिशीतला सरपंच आला होता. डाळिंबाची बाग, बारावीपर्यंत शिक्षण. निवड झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एकटाच आला, समोर बसला आणि म्हणाला, “भाऊसाहेब, मला ह्यातलं काय बी कळत नाय. नमुना नऊ म्हंजे काय असतंय, तेवढं सांगा आधी.” मी रजिस्टर त्याच्याकडे सरकवलं. नावांवरून बोट फिरवत तो एका ओळीवर थांबला. वडिलांच्या नावापुढं तीन वर्षांची घरपट्टी बाकी होती. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे भरले, पावती घेतली, घडी घालून खिशात ठेवली. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं वसुलीला निघालो. एका दारात ऐकायला मिळालं, “आधी तुमची भरा की ओ!” त्याने नुसती ती पावती काढून दाखवली. त्या आळीत नंतर आम्हाला कोणी उलट बोललं नाही.

यातलं कायद्याचं अंगही लक्षात ठेवा. मागणीचं बिल मिळाल्यापासून ३ महिन्यांत कर भरला नाही, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली सदस्य अपात्र ठरू शकतो. ग्रामपंचायतीच्या कामात स्वतःचा किंवा आडून हितसंबंध असेल तरी तेच, सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तरी तेच. भाऊसाहेबांनी हे स्वतःहून सांगितलं तर सदस्यांना ती धमकी वाटते. म्हणून सरपंचानेच पहिल्या बैठकीत सगळ्यांसमोर विचारावं: “आमच्यापैकी कोणाची किती बाकी आहे, सांगा भाऊसाहेब.” मग बोलणाऱ्यालाही संकोच नाही, ऐकणाऱ्यालाही नाही.

वार ठरवून फळ्यावर लिहा

एका भाऊसाहेबाकडे दोन गावांचा कारभार असणं आपल्याकडे नवीन नाही. त्यात तालुक्याच्या मीटिंगा, ऑनलाइन माहिती भरणं, घरकुलांचे फोटो, निवडणुकीचं काम. गावातली तक्रार असते की भाऊसाहेब दिसतच नाहीत. भाऊसाहेबांची तक्रार असते की मी आलो त्या दिवशी सरपंच ऊसतोडीवर. दोघांचंही खरं असतं.

म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत बसून ठरवा: या गावी कोणते वार, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. ते कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहा. त्यातला एक तास फक्त सरपंच आणि भाऊसाहेबांचा. त्या तासात आलेलं टपाल दोघांनी उघडायचं, कोणत्या कामाचा कागद कुठं अडकलाय ते बघायचं. दाखल्यासाठी आलेल्या माणसाला शिपायाने बाहेर खुर्ची द्यावी. तासभर कोणाचं काही अडत नाही.

फोनबद्दल एकच सांगतो. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाऊसाहेबांना जाब विचारू नका. ‘भाऊसाहेब, लाइट कधी लागणार?’ हा प्रश्न फोनवर विचारला तर उत्तर मिळतं. तोच दोनशे लोकांसमोर विचारला की उत्तर मिळत नाही, राग मिळतो, आणि तो राग पुढच्या चार कागदांवर उतरतो.

सभेच्या आधीचा अर्धा तास

मासिक सभेची नोटीस ३ पूर्ण दिवस आधी निघाली पाहिजे. नोटीस काढण्याआधी विषयपत्रिका सरपंचाने वाचलेली असावी. ही साधी गोष्ट होत नाही. भाऊसाहेब मागच्या महिन्याचेच विषय पुन्हा टाइप करतात, सरपंच सही करतो, आणि सभेत एखादा सदस्य ‘ऐनवेळच्या विषयात’ असं काही काढतो की दोघंही एकमेकांकडे बघत राहतात.

सभेच्या दिवशी अर्धा तास आधी बसा. प्रत्येक विषयाला तीन गोष्टी तपासा: पैसे कोणत्या हेडमधून जाणार, ते करायचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे का, आणि सदस्यांपैकी कोणाचा विरोध असणार. भाऊसाहेबांना जे खटकतं ते त्यांनी इथंच सांगावं. सभेत सरपंच बोलत असताना मधेच ‘तसं करता येत नाही’ म्हणणारा सचिव बरोबर असला तरी सरपंचाच्या मनातून उतरतो. आणि अर्ध्या तासात सांगूनही सरपंचाने ऐकलं नाही, तर सभेत शांतपणे, नोंद होईल असं सांगणं हे सचिवाचं कामच आहे. त्याचा सरपंचाने राग धरू नये.

प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, त्याच दिवशी लिहून झालं पाहिजे. माझी एक चूक सांगतो. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. सभा लांबली, अंधार पडला, लाइट गेली. पाइपलाइन बदलायच्या विषयाचा ठराव झाला होता, पण दरपत्रकं आलेली नव्हती. मी सूचक-अनुमोदकाची नावं लिहिली, रकमेसाठी तीन ओळी कोऱ्या सोडल्या आणि खाली सरपंचांची सही घेतली. आठवड्याने दर आले, मी रक्कम भरली. रक्कम बरोबर होती. पण तोवर बॉलपेन बदललेलं होतं. निळ्या अक्षरांत तीन ओळी काळ्या. एका सदस्याने बरोबर त्याच पानाची नक्कल मागितली.

चौकशी लागली. सरपंच साठीच्या पुढचे, उसाला पाणी द्यायचे दिवस. पहाटेची एसटी पकडून त्यांना सोलापूरला पाच वेळा सुनावणीला यावं लागलं. पैशाचा घोळ निघाला नाही. मला लेखी ताकीद मिळाली, प्रकरण मिटलं. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. पण त्यानंतर मी कोणताही कागद पुढं केला की आधी खिशातून चष्मा काढायचे, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे, मगच सही. मला त्याचं वाईट वाटायचं. पुढं कळलं, की त्यांना हे पहिल्या दिवसापासून करायला लावणं हे माझं काम होतं. तेव्हा कोरी ओळ सोडू नका. रक्कम माहीत नसेल तर ‘दरपत्रके प्राप्त झाल्यानंतर पुढील सभेत रक्कम निश्चित करावी’ असा ठराव लिहा. सरपंचांनी कोऱ्या जागेखाली सही करूच नये, मागणारा कितीही विश्वासाचा असो.

‘नियमात बसत नाही’ हे कसं ऐकायचं, कसं सांगायचं

सरपंचांची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते, की भाऊसाहेब प्रत्येक गोष्टीला नियम दाखवतात. खरं सांगायचं तर काही भाऊसाहेब काम टाळायला नियम दाखवतात. पण बहुतेक जण घाबरून दाखवतात, कारण ऑडिटला उत्तर त्यांनाच द्यायचं असतं. टाळणारा कोण आणि घाबरणारा कोण, हे तीन प्रश्नांनी कळतं. कोणता नियम, तो कागद दाखवता का? याला परवानगी देणारं वर कोण आहे? आणि मला हे काम करायचंच आहे, तर दुसरा रस्ता कोणता? घाबरणारा तिसऱ्या प्रश्नाला उत्तर शोधतो.

उदाहरण घ्या. पाणी सोडणाऱ्याचा पगार थकलाय, वित्त आयोगाचे पैसे खात्यात दिसतायत. सरपंच म्हणतो, द्या त्यातून. १५ व्या वित्त आयोगात ६० टक्के निधी बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेच्या कामांसाठी, आणि उरलेला ४० टक्के अबंधित. अबंधित असला तरी त्यातून पगार देता येत नाही. इथं ‘होत नाही’ एवढं बोलून थांबणारा भाऊसाहेब अर्धंच काम करतो. त्याने पुढं सांगावं: पगार स्वनिधीतून, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून जाईल, स्वनिधी वाढवायचा तर वसुली करावी लागेल, नमुना ९ मधली मोठी बाकी या पंधरा घरांची आहे, चला सोबत जाऊ.

स्वनिधीचंही तसंच. त्यातला १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. मार्चअखेर घाईने खुर्च्या-सतरंज्या घेऊन तो संपवायची पद्धत पडलीय, ती मला कधीच पटली नाही. एप्रिलमध्येच दोघांनी मिळून ठरवलं तर त्या पैशातून माणसाच्या उपयोगी पडणारं काहीतरी होतं.

एखादी गोष्ट खरंच चुकीची असेल तर भाऊसाहेबांनी आधी तोंडी सांगावं, एकांतात. तरी आग्रह राहिला तर दोन ओळींची टिपणी द्यावी. भाषा अशी: ‘सदर खर्च वित्त आयोगाच्या निधीतून अनुज्ञेय नसल्याने स्वनिधीतून करणेबाबत निर्णय व्हावा, ही विनंती.’ त्यात आरोप नाही, रस्ता सुचवलेला आहे. सरपंचाने अशी टिपणी आपल्याविरुद्धचा पुरावा म्हणून पाहू नये. पुढं चौकशी झालीच तर तीच टिपणी त्यालाही वाचवते.

डिजिटल सहीची पेन ड्राइव्ह

हे थोडक्यात, पण काळजीपूर्वक वाचा. सरपंचाची डिजिटल सहीची पेन ड्राइव्ह आणि तिचा पासवर्ड कार्यालयाच्या ड्रॉवरमध्ये, संगणक चालवणाऱ्याकडे किंवा भाऊसाहेबांकडे ठेवायचा नाही. ‘सारखं कशाला यायचं, तुमच्याकडंच असू द्या’ हे वाक्य मी किमान दहा सरपंचांच्या तोंडून ऐकलंय. ती तुमची सही आहे. तुमच्या घरी, तुमच्या कपाटात राहू द्या. पेमेंटच्या दिवशी या, बिल बघा, मोजमाप पुस्तिकेतली नोंद बघा, जागेवर काम बघून आलेले असा, मग लावा. भाऊसाहेबांनीही दुसऱ्याची पेन ड्राइव्ह सांभाळायला ठाम नकार द्यावा. त्यात मान नाही, जोखीम आहे.

पाणी: इथं नाती तुटतात

सोलापूर जिल्ह्यात गावकारभाराची खरी परीक्षा मार्च ते जूनमध्ये होते. उजनी धरणाच्या पाण्याचं आवर्तन कधी सुटणार, विहिरीला पाणी किती दिवस पुरणार, टँकरचा प्रस्ताव तालुक्याला गेला का. या काळात सरपंच, सदस्य आणि भाऊसाहेब सगळ्यांचाच पारा चढलेला असतो, आणि तो उतरतो एकाच माणसावर: पाणी सोडणाऱ्यावर.

माझ्या एका गावात तो माणूस पन्नाशीचा होता. सगळे मामा म्हणायचे. पहाटे चारला उठून मोटार चालू करायचा. बादलीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर कालवायचा, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचा. उजाडल्यावर शेवटच्या नळावर जाऊन ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन पोचलंय का याची तपासणी, करायचा. नळीतलं पाणी पिवळं झालं की वहीत नोंद. मग खांद्यावर व्हॉल्व्हची लांब चावी घेऊन आळीआळीने फिरायचा. त्याच्या तळहातांना चावी फिरवून फिरवून घट्टे पडले होते. आणि अकरा सदस्य त्याला अकरा तऱ्हेने सांगायचे. एकाचा फोन, आमच्या आळीला अर्धा तास जादा सोड. दुसऱ्याचा, त्यांच्याकडं का सोडलंस? एकदा एप्रिलमध्ये त्याने चावी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाला, “भाऊसाहेब, पाच महिन्यांचा पगार नाय, त्यो मागत नाय मी. पण मला साहेब किती, तेवढं सांगा.”

त्याच संध्याकाळी सरपंच आणि मी बसलो. तीन गोष्टी ठरवल्या, आणि त्या तुम्हीही ठरवा असं माझं सांगणं आहे. पहिली, पाण्याचं वेळापत्रक सभेत ठरावाने मंजूर करायचं आणि प्रत्येक आळीत चिकटवायचं. दुसरी, मामाला सूचना फक्त एक माणूस देणार. आमच्याकडे ते काम पाणीपुरवठा बघणाऱ्या एका सदस्याला दिलं. बाकीच्यांनी त्या सदस्याला सांगायचं. तिसरी, वसुलीचा पहिला पैसा मामाच्या पगाराला. किमान वेतनातला काही वाटा शासनाकडून येतो, उरलेला ग्रामपंचायतीने द्यायचा असतो, आणि तो सगळ्यात शेवटी द्यायची आपल्याकडे सवय आहे. ती उलटी करा. ज्याच्या हातून सगळं गाव पाणी पितं, त्याचा पगार पाच महिने थकवणं मला आजही मान्य नाही.

ताई सरपंच असतील तर

२०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. तरी कार्यालयात फोन येतो तो ‘सरपंचांच्या मालकांचा’. पदाधिकाऱ्यांच्या नातेवाइकांनी कार्यालयाच्या कामात हस्तक्षेप करू नये, अशा शासनाच्या स्पष्ट सूचना आहेत. पण सूचना कपाटात राहते. वागणं बदलायचं ते भाऊसाहेबांनी, कारण सोय बघून पतीशी बोलायला सुरुवात तेच करतात.

भाऊसाहेब, कागद ताईंच्या हातात द्या, समजावून सांगा, त्यांना वाचायला वेळ द्या. पती सोबत आले तर आदराने बसवा आणि प्रश्न मात्र ताईंनाच विचारा. मोहोळ भागातल्या एका गावात ताई पहिले तीन महिने सभेत एक शब्द बोलल्या नाहीत. चौथ्या महिन्यात अंगणवाडीच्या दुरुस्तीचा विषय आला आणि त्यांनी एस्टिमेटमधली फरशी चुकीची मोजलीय हे दाखवून दिलं. त्यांच्या घरी नुकतीच फरशी बसवलेली होती. इंजिनिअरला पुन्हा मोजायला यावं लागलं. ताईंनो, घरचा माणूस मदत करणार असेल तर घरी करू द्या. सहीच्या खुर्चीत तुम्हीच बसा, आणि कळलं नाही तर ‘पुन्हा सांगा’ म्हणायला लाजू नका.

सरपंच एका पॅनेलचा, बहुमत दुसऱ्याचं

सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. त्यामुळे सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या गटाचं, असं चित्र अनेक गावांत दिसतं. यात भाऊसाहेबांचं सँडविच होतं. दोन्ही बाजू म्हणतात, हा तिकडचा.

इथं भाऊसाहेबांना एकच गोष्ट तारते: सगळ्यांना सारखं. नक्कल मागितली की नियमाने दोघांनाही, नोटीस पोचल्याची सही दोघांकडूनही, चहा कोणत्याच गटाच्या घरी नाही. सरपंचाने विरोधी सदस्यांच्या वॉर्डातलं एक काम पहिल्या आराखड्यात स्वतःहून घ्यावं. दिवाबत्ती असो, गटाराचं झाकण असो. विरोधी सदस्यांनीही विरोध ठरावात नोंदवावा, भाऊसाहेबांवर काढू नये. आणि हे सगळं ग्रामसभेत उघड बोलता येतं. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतले जे कमी ते हजर असले की गणपूर्ती होते. बंद खोलीतला वाद लोकांसमोर आला की दोन्ही बाजूंचा आवाज आपोआप खाली येतो.

वारीच्या आधीचा महिना

माळशिरस आणि पंढरपूर तालुक्यांत पालखीच्या वाटेवर ज्यांचं गाव आहे, त्यांच्याकडून मी खूप शिकलो. माउलींची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात येते, तुकोबांची अकलूजकडून. दीड-दोन हजार वस्तीच्या गावात एका रात्रीत लाखाचा समुदाय येतो तेव्हा ‘हे काम कोणाचं’ असं विचारायला वेळच नसतो. तिथं महिनाभर आधी एक यादी होते: टँकर कुठं उभे करायचे, कोणत्या विहिरीत टीसीएल कोण टाकणार, फिरती शौचालयं कुठल्या रानात, जनरेटरचं डिझेल कोणाकडे, दुसऱ्या दिवशी सफाईला माणसं किती. प्रत्येक कामापुढं दोन नावं, एक सदस्याचं आणि एक कर्मचाऱ्याचं. वारीत भांडणारे सरपंच-भाऊसाहेब मी पाहिले नाहीत. ही दोन नावांची यादी तुमच्या गावच्या जत्रेला, उन्हाळ्याच्या पाण्याला, वसुली मोहिमेलाही चालते. करून बघा.

भांडण झालंच तर

आधी दोघांनीच बोला, त्या ठरलेल्या तासात. नाही मिटलं तर विस्तार अधिकाऱ्यांना मधे घ्या. त्यांनी असे वाद डझनभर मिटवलेले असतात. तरी नाही, तर गटविकास अधिकाऱ्यांना लेखी पत्र, तारखा आणि कामांचे तपशील घालून, शिव्या न घालता. कार्यालयाला कुलूप ठोकू नका. गावातल्या म्हातारीचा दाखला त्यात अडकतो. आणि हात तर कधीच उचलू नका. सरकारी कामात असलेल्या माणसावर बळ वापरणं हा गुन्हा आहे. पूर्वी ते भारतीय दंड संहितेचं कलम ३५३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ आहे. रागाच्या एका मिनिटासाठी सरपंच दोन-दोन वर्षं कोर्टाच्या फेऱ्या मारताना मी पाहिलेत.

पण एक वेगळं सांगायला हवं. भाऊसाहेब दाखल्याला पैसे मागत असतील, किंवा सरपंच न झालेल्या कामाचं बिल काढायला सांगत असेल, तर तिथं संबंध सांभाळत बसायचं नाही. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री नंबर आहे. खोट्या बिलावर सही मागितली तर लेखी नकार द्या आणि त्याची प्रत तालुक्याला पाठवा.

भाऊसाहेबांची बदली झाली की

बदल्यांचा हंगाम साधारण मे महिन्यात असतो, म्हणजे पाण्याची टंचाई ऐन भरात असताना. आदेश आला की निरोपाच्या कार्यक्रमाआधी एक दिवस राखून ठेवा. जुने भाऊसाहेब, नवे भाऊसाहेब आणि सरपंच तिघांनी एकत्र बसून चार्जची यादी वाचा: रजिस्टरं, पावती पुस्तकं, शिल्लक कोरे पावती क्रमांक, चालू कामांच्या फाइली, ऑडिटचे न मिटलेले शक, म्हणजे आक्षेप. बँकेतली सही आणि डिजिटल सही बदलायचे कागद त्याच दिवशी भरा, नाहीतर महिनाभर पेमेंट अडकतं. नव्या भाऊसाहेबांना गावातून एक फेरी मारून आणा: टाकी, विहीर, स्मशानभूमी, ज्या गटारावरून वाद आहे ते गटार. आणि पाणी सोडणाऱ्याशी त्यांची ओळख सरपंचाने स्वतः, नावाने करून द्यावी.